पहिला फेर तांडेलाचा

"ठोकून बघ गो, मडकी घेताना बघतंस तशी," शालन म्हणाली आणि तिने स्वतःच बोटाचं पेर वाकवून अल्युमिनियमच्या होडीवर टकटक केलं. लग्नातल्या मोठ्या टोपावर डाव आपटावा तशी होडी वाजली. किनाऱ्यावरच्या बायका खो खो हसल्या.

"वाजूं दी," मी म्हटलं. "मासे पळान गेले की मगे कळात."

"ओ ताई, मासे पळत न्हाईत," होडीवाला शिरगुप्पे लगेच पुढे आला. कोल्हापूरकडचा गडी, पायात बूट, बुटात वाळू. "हलकी किती हाय बघा की. दोघी बायका उचलून न्याल. ना गंज, ना कुजणं, ना फुटणं. आणि आत फळ्यांखाली सगळं रिकामं ठेवलंय बघा, मासं भरायला जागा. दुसऱ्यांच्या होडीत तिथं काय काय कोंबून ठेवत्यात."

हे 'दुसरे' म्हणजे आमचा पास्कू. पलीकडच्या वाडीत माडाच्या झापांखाली त्याची शेड होती. पूर्वी बाप लाकडाच्या होड्या बांधायचा, पास्कू फायबरच्या बांधायला लागला. त्याने आपल्या जुन्या होडीमागे बांधून नवी निळी होडी खेचत आणली होती. गडी मुळात अबोल. समोरच्याचं ऐकून त्याने फक्त आपल्या होडीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मी फळ्यांखाली फोम भरतंय. मासे भरूक जागा थोडी कमी मिळता, खरा आसा."

"बघा, स्वतःच सांगतोय!" शिरगुप्पे म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, होडी घ्यायला बायका कशाला? तर ऐका. आमच्या आडबंदरात बाई मासे विकणार, सुकवणार, खाडीत कमरेएवढ्या पाण्यात तिसऱ्या-कालवं काढणार. पण होडीत बसून जाळं टाकायला जाणार नाही. कोणी बंदी लिहून ठेवलेली नव्हती. नुसतं चालत आलेलं. माझा नवरा दयानंद गेला आणि मी दुसऱ्यांनी आणलेले मासे टोपलीत घेऊन बाजारात बसू लागले. ज्याची होडी त्याचा तोरा. आज देईन, उद्या नाही. मी तशी तोंडाची फटकळ, कोणाच्या पुढेपुढे करणं माझ्या रक्तातच नाही. एक दिवस शालनला म्हटलं, चल, आपणच जाऊ. तिचा नवरा दुबईत, तिला कोण विचारणार! आमच्या बचतगटाला सरकारी योजनेतून एक होडी मंजूर झाली. कुठली ते आम्ही ठरवायचं होतं.

बंदरातले पुरुष काही बोलले नाहीत. सगळे माझ्या सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. आबा गिरप, उभी हयात तांडेल म्हणून होडी हाकलेला माणूस. आबांनी होडी पाण्यात लोटली की गावाच्या लोटायच्या, आबांनी ओढून घेतली की गावाच्या वर. त्यांनी एकदा 'नको' म्हटलं असतं तर माझी होडी किनाऱ्यावरच राहिली असती. पण आबांनी मिठाची गुळणी धरली होती. 'जा' नाही, 'जाऊ नको' नाही. जेवायला वाढलं की जेवायचे आणि पडवीत जाऊन बसायचे. तेही दया गेल्यापासून समुद्रावर गेले नव्हते.

दया गेला तो घोडखडपावर, समुद्रातल्या खडकावर. किनाऱ्यावरून ते खडप दिसतं, घोडा मान खाली घालून पाणी पितोय असं. अवेळी वारा उठला, परत येताना होडी खडपावर आदळली. मी तेव्हा माहेरी होते, बाळंतीण. आबांनीच येऊन सांगितलं, "डोक्याक खडप लागला गो. तेका काय एक कळूक नाय." माझ्या पोरीला मांडीवर घेऊन मी ते ऐकलं. नंतर कितीतरी रात्री मी तेवढ्याच वाक्यावर झोपले. कळलंच नाही त्याला. एवढं तरी देवाने केलं.

तर त्या सकाळी आबा येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात जुनी बंडी. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"आबा इले!" कोणीतरी म्हणालं. मी पुढे सरले. म्हटलं, आता चारचौघांत नाही म्हणतात की काय.

आबा दोन्ही होड्यांभोवती फिरले. वाकून तळ बघितले, फळ्या उचलून आत हात घातला. मग म्हणाले, "पहिलो फेर तांडेलाचो."

ही आमच्याकडची रीत. नवी होडी पाण्यात उतरली की पहिली चक्कर तांडेलाने एकट्याने मारायची. बरोबर पोर नाही, देवाचा फोटो नाही, जाळं नाही. होडी कशी वागते ते त्याने बघायचं, परत आल्यावर नारळ. रीतच ती, कोण अडवणार! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. तांडेलाने पहिला फेर घ्यायचा म्हणजे होडीला मान्यता. शालनने मला कोपर मारलं. "बघ, म्हातारो विरघळलो."

पास्कूची निळी होडी आधी नेली. आबांनी दोरी ओढली, इंजिन धरलं आणि होडी पाणी कापत निघाली. एवढ्या दिवसांनी हातात सुकाणू आलं होतं, पण पाठ अगदी ताठ. लाटांवर तिरकी घेतली, सरळ घेतली, वळवली. आम्ही कौतुकाने बघत होतो. मग होडीने घोडखडपाकडे तोंड केलं.

"थंय कित्याक गेले?" शालन म्हणाली.

"भरतीचो जोर बघतत," पास्कू म्हणाला.

इंजिनाचा आवाज कमी व्हायला हवा होता. तो वाढला. अहो, वाढला! होडी नाक वर करून सरळ खडपावर गेली आणि आपटली. मोडक्या दारावर लाथ बसावी तसा आवाज किनाऱ्यापर्यंत आला.

 मग एकदम ओरडा. होडीचं नाकाडच तुटलं होतं, आत पाणी शिरत होतं. लाटेने तिला खडपावरून मागे ओढलं आणि ती काठोकाठ भरली. आबा पाण्यात. पास्कू आपल्या जुन्या होडीकडे पळाला, इंजिन सुरू करून पोचलाही. आम्ही डोळ्यांवर हात धरून बघतोय, तर आबा हाताने त्याला लांब राहायला सांगताहेत!

"धरूक देत नाय," शालन म्हणाली. "पिसाळले की काय?"

निळी होडी पाण्याच्या पातळीला तरंगत होती, नुसती कड दिसत होती. आबांनी त्या कडेला हात अडकवले होते आणि ते तसेच लोंबकळत होते. लाट आली की वर, गेली की खाली. पास्कू भोवती फेऱ्या मारत गयावया करत होता. बराच वेळ गेला तेव्हा कुठे आबांनी मान हलवली आणि त्याने त्यांना वर घेतलं, फुटकी होडी दोराला बांधली.

किनाऱ्याला लागले तेव्हा पास्कूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आबा थंडीने कुडकुडत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण माझ्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला होता. यांना होडी बघायची नाहीये. यांना होडी मोडायची आहे! तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून ही अवदसा. सून समुद्रावर गेली तर गिरपांचं नाक कापलं जाईल ना! मी तरातरा पुढे गेले.

"आबा, माका जाऊक द्यायचा नाय तर तसा सांगा! गरिबाची होडी कित्याक फोडलात?"

अख्ख्या गावासमोर सासऱ्यांवर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते शिरगुप्प्याला म्हणाले, "आता तुमची."

कोणीही शहाणा माणूस नको म्हणाला असता. पण शिरगुप्प्याच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. समोरच्याची होडी भर किनाऱ्यावर फुटलेली, याहून चांगली जाहिरात कुठली?

"न्या की काका! आपटा बिनधास्त! न्हाई फुटत ती. आख्ख्या गावानं बघू दे!"

"नको हो," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही गप बसा. आज तुमचा निकाल लागतोय."

पास्कू फुटक्या होडीजवळ खाली बसला होता. तो पुटपुटला, "माझो निकाल लागलो." मला त्याच्यापुढे इतकी लाज वाटली, जणू मीच फोडली होती.

आबा पुन्हा गेले. या खेपेला कोणी हसत नव्हतं. चकचकीत होडीवर ऊन पडून डोळे दिपत होते. सरळ खडप. पुन्हा इंजिनाचा तोच आवाज, आणि ठण्णदिशी आपटली. देवळातली घंटा कोणी हातोड्याने वाजवली असं वाटलं. होडी मागे सरली, डुलली आणि उभी राहिली. आबा आत तसेच बसलेले. नाकावर खोलगट पोचा, बस्स.

काय आरडाओरडा झाला सांगू! पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिरगुप्पे दोन्ही हात वर करून नाचला. शालन माझा दंड धरून म्हणाली, "हीच घेवया गो, हीच!" आणि मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांनी बघितलं होतं. एक फुटली, एक नाही फुटली. यात विचार तो काय करायचा?

"आता परत येतत," मी म्हटलं.

आले नाहीत. त्यांनी होडी लाटेला आडवी घातली. आमच्यातलं शेंबडं पोरही होडी लाटेला आडवी घालत नाही हो! पहिली लाट आत आली. ते हलले नाहीत. दुसरी आली. होडीची कड खाली गेली, चकाकी क्षणभर पाण्याखाली हिरवी दिसली आणि नाहीशी झाली. तांब्या विहिरीत सोडावा तशी गेली. ना फळी, ना कड, ना काही. पाणी परत सपाट. तिथे एक डोकं होतं.

ते डोकं लाटेआड जायचं आणि मग पुन्हा दिसायचं.

 शिरगुप्प्याचे हात अजून वरच होते.

मी कशी पळाले ते मला ठाऊक नाही. पास्कूच्या जुन्या होडीत उडी मारली. तो मागून चढला, पण तोवर दोरी मीच ओढली होती आणि इंजिन मीच धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी होडी समुद्रावर घातली ती अशी. कोणी म्हणालं नाही, बाई कशाला.

त्या वेळात माझी नजर डोक्यावरून हलली नाही. लाट मध्ये आली की मी म्हणायचे, आता वर येईल, आता येईल. मी ओरडत होते, "आबा! हात मारा! इलंय मी!" एवढ्या जवळ, सगळं दिसतंय, आणि हात पोचत नाही. इतकी असहाय मी कधी झाले नव्हते. त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. नुसतं वाटत होतं, काहीतरी धरायला मिळू दे, एखादी फळी, डबा, काहीही.

पोचलो. मी हात पुढे केला. आबांनी तो धरला नाही. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि त्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "किनाऱ्यावरसून माका बघत होतंस मां?"

"आबा, हात द्या!"

"नुसता डोकाच दिसत होता ना?"

"होय हो! नुसता डोकाच! हात द्या आधी!"

मग त्यांनी हात दिला. पास्कूने आणि मी ओढून त्यांना आत घेतलं. ते तळात बसले, गुडघे पोटाशी घेऊन. मी पदराने त्यांचं तोंड पुसत होते, रागाने आणि रडत.

"तसोच दिसत होतो," आबा म्हणाले.

"कोण?"

"दया."

मला वाटलं थंडीने बरळताहेत.

"तेच्या होडयेत फोम नव्हतो, ती खाली गेली. तो नाय गेलो. पोवत होतो. माका दिसत होतो थंय किनाऱ्यावरसून, आता मी दिसलंय तुका तसो. धरूक कायएक नव्हता तेका."

माझा हात त्यांच्या गालावर तसाच राहिला. पास्कूने इंजिन बंद केलं. तो तिकडे तोंड करून बसला, तेव्हा मला समजलं की त्यालाही हे ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, डोक्याक लागला. तुम्ही म्हणालात, तेका कळूक नाय."

"खोटा सांगलंय. तुझ्या मांडयेर पोर होता."

"किती वेळ?"

आबांनी बंडीचं पाणी पिळलं.

"आबा, किती वेळ पोवत होतो तो?"

"काळोख पडापर्यंत दिसत होतो. मगे माका दिसाक नाय." त्यांचा आवाज फुटला. "दोनदा होडी लोटलंय गो. दोन्ही वेळा लाटेन परत टाकली. मगे ह्या लोकांनी माका धरून ठेवल्यानी. तो हात वर करी होतो. माका वाटता, मी दिसत होतंय तेका."

आणि मी त्यांना मारलं. होय, मारलं. दोन्ही मुठींनी छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. सासरा नाही, म्हातारा नाही, काही बघितलं नाही. माझी एवढी एक गोष्ट होती, तो लगेच गेला, त्याला कळलं नाही. ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली होती. आबांनी हात आडवा केला नाही. मी दमेपर्यंत ते मार खात राहिले.

"तोंडान सांगाक गेलंय असतंय, फुटता ती घे म्हणान," ते शेवटी म्हणाले, "तर तू इचारलं असतंस, कित्याक? मगे सगळाच सांगूचा लागला असता. म्हटलंय, नुसता दाखवूया. आणि तुका बघून माका गप ऱ्हवाक झाला नाय."

मी इंजिन पुन्हा सुरू केलं. मी होडी चालवत होते. डोळ्यांसमोर किनारा होता, त्यावर उभी असलेली माणसं. मी त्यांच्याकडे समुद्राच्या बाजूने बघत होते. एकेकाचे कपड्यांचे रंगही ओळखता येत होते. म्हणजे त्यालाही येत असणार.

किनाऱ्यावर शिरगुप्पे वाट बघत होता. बिचाऱ्याला काय घडलं ते कुठे ठाऊक! तो आबांच्या अंगावरच आला. "मुद्दाम बुडवलासा! पण फुटली का? सांगा सगळ्यांसमोर, फुटली का आमची?"

"नाय," आबा म्हणाले. "अख्खी बुडली."

मग त्याच्याकडे बघून हलकेच म्हणाले, "उद्या ओहोटीक पोरां बुडी मारून काढून देतीत. माझ्या होडयेचा इंजिन पडवीत आसा. ता पास्कूक देतंय, तेच्या नुकसानीक. तुमका जा काय व्हया ता माझ्याकडे मागा. ह्या माझ्या चेडवाकडे, सुनेकडे, मागू नकात." शिरगुप्पे आबांच्या निळ्या ओठांकडे बघत राहिला. त्याने आपल्या अंगातला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला, हेही सांगितलं पाहिजे.

शालन मला विचारत होती, काय झालं, काय म्हणाले. मी तिला ओलांडून पास्कूच्या फुटक्या होडीकडे गेले. नाक तुटलेलं, आतून पिवळा फोम बाहेर आलेला. तरी त्याच फोमाच्या जोरावर ती लाटेवर अर्धी तरंगत होती, किनाऱ्याशी हिसके देत. मी कडेवर हात ठेवला. कड गुळगुळीत होती. पाण्यातल्या माणसाचे ओले हात तिच्यावरून सटकले असते. आबांचे कसे टिकले असतील देव जाणे.

"पास्कू," मी म्हटलं, "अशीच बांध. आणि हिका बाहेरसून दोर लाव. चारी बाजूंनी."

"दोर? खंयपर्यंत लावू? कडेक?"

कडेला म्हणजे आत बसलेल्या माणसाच्या सोयीचा.  मी लुगडं खोचलं आणि होडी ढकलत पाण्यात शिरले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग पाय टेकेनासे झाले. होडीला लागून पाण्यातून हात वर केला, पुरता ताणून. जिथे बोटं लागली तिथे धरून राहिले.

"हयसर," मी ओरडले.

मागून येऊन पास्कू होडीत चढला, त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या बोटांपाशी खूण करायला वाकला. सगळा किनारा बघत होता. आबा वाळूत बसले होते, शिरगुप्प्याच्या कोटात. ते उठले, पाण्याच्या कडेपर्यंत आले.

"खाली घी," ते म्हणाले. "आणखी खाली घी, पास्कू. मगे हात दमतत."